विश्लेषण : कुत्र्याला टाकलेला घास बिबट्यापर्यंत कसा पोहोचतो? घरचा खाऊ, गैरसमज आणि ताडोबालगतची गावे

भटक्या कुत्र्यांना रस्त्यावर खाऊ घालण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये निर्बंध घातले तेव्हा चर्चा झाली ती दिल्ली, मुंबई, पुण्यातल्या गल्ल्यांची. चंद्रपूर आणि गडचिरोलीत मात्र कुत्र्याच्या ताटापासून जंगल फार लांब नसते. इथे कुत्र्याला काय दिले, किती दिले आणि कुठे दिले यावर त्याची तब्येत ठरतेच. शिवाय बिबट्या अंगणात येईल का आणि गावातला आजार वाघापर्यंत जाईल का, हेही काही अंशी त्याच घासावर ठरते. घरच्या खाऊबद्दलचे आणि एकूणच कुत्र्यांबद्दलचे गैरसमज म्हणूनच इथे तपासून पाहण्याची गरज आहे.

चर्चा कशामुळे?

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री उचलून निवारा केंद्रांत ठेवण्याचा आदेश दिला. त्यावर देशभर वाद झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. निर्बीजीकरण, लसीकरण आणि जंतनाशक औषध दिल्यावर कुत्री मूळ जागी सोडावीत, मात्र रेबीजबाधित, संशयित आणि आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे पीठाने सांगितले. रस्त्यावर कुठेही खाऊ घालण्यास मनाई करून त्यासाठी प्रत्येक प्रभागात ठरावीक जागा नेमण्यास सांगितले आणि प्रकरणाची व्याप्ती देशभर वाढवली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडा संकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातील कुत्री हटवून ती पुन्हा तिथे न सोडण्याचे निर्देश दिले.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार भटकी कुत्री होती. त्यांपैकी जंगलाला लागून राहणाऱ्या कुत्र्यांचा प्रश्न शहरी चर्चेत फारसा येत नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर आहे. त्यातील ११०० चौरस किलोमीटरहून अधिक भाग बफरचा आहे आणि त्यात माणसांची गावे, शेते व गुरे आहेत. गडचिरोलीचा तर दोन-तृतीयांशाहून अधिक भूभाग वनाच्छादित आहे. या भागात घराचे कुंपण संपते तिथून काही अंतरावर वन्यप्राण्यांचा वावर सुरू होतो.

या गावांत कुत्रा खातो काय?

झाडीपट्टीतील कुत्रा प्रामुख्याने भातावर जगतो. ताटात उरलेला भात, वरण, पेज, शिळी पोळी, कोंबडी केली तर हाडे आणि रस्सा, असा त्याचा आहार असतो. शिवाय बाजाराच्या दिवशी मटण-चिकनच्या दुकानामागे पडलेले अवशेष, लग्नाच्या पंगतीनंतरच्या पत्रावळी, पर्यटकाने गाडीतून टाकलेले बिस्किट, हेही त्याच्या पोटात जाते. यातले बरेचसे अन्न मालकाने मोजून दिलेले नसते. कुत्रा ‘आपला’ असतो, पण त्याचे जेवण गावभर विखुरलेले असते.

शहरांत आणि तालुक्याच्या ठिकाणी चित्र थोडे बदलले आहे. पॉमेरेनियन, लॅब्राडॉर पाळणाऱ्या घरांत पाकिटातल्या महाग खाद्याऐवजी मोबाइलवर व्हिडीओ पाहून घरीच खाऊ बनवला जातो. हेतू चांगला असतो. ‘घरचे म्हणजे सुरक्षित’ हे गृहीतक मात्र नेहमी खरे नसते.

‘कुत्रा मांसाहारीच’ हा समज किती खरा?

अर्धाच. कुत्रा लांडग्याच्या वंशातला असला तरी हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर जगताना त्याचे पचन बदलले. २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज हे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती आढळल्या, तर कुत्र्यांत ४ ते ३० पर्यंत. म्हणजे शिजवलेला भात, ज्वारीची भाकरी किंवा पोळी कुत्र्याला पचते. ती त्याच्यासाठी ‘चुकीची’ नाही.

उलट बाजूचा गैरसमज असा, की भात-पोळी पचते म्हणून ती पुरते. केवळ भातावर वाढणाऱ्या पिल्लाला प्रथिने, कॅल्शियम आणि काही स्निग्धाम्ले कमी पडतात. आपले घरचे जेवण माणसाच्या गरजेनुसार असते, कुत्र्याच्या नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये पुस्तके आणि संकेतस्थळांवरील कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतील ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी पडत होते, आणि यांतील अनेक कृती पशुवैद्यकांनीच लिहिलेल्या होत्या. त्यामुळे घरचा खाऊ अधूनमधून देणे वेगळे आणि संपूर्ण आहार घरचा ठेवणे वेगळे. संपूर्ण आहार घरचा ठेवायचा असेल तर पशुवैद्यकाकडून कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची जोड ठरवून घ्यावी लागते.

दूध-पोळीचे काय?

दूध-पोळी हा महाराष्ट्रातल्या पाळीव कुत्र्याचा सर्वांत प्रचलित आहार. पिल्लू आईचे दूध पिते तेव्हा दुधातील शर्करा पचवणारे लॅक्टेज विकर त्याच्याकडे भरपूर असते. वय वाढते तसे ते कमी होत जाते. काही कुत्र्यांना थोडे दूध चालते. अनेकांना मात्र जुलाब आणि पोटफुगी होते, आणि घरचे त्याचे कारण ‘बाहेर काहीतरी खाल्ले’ यात शोधत राहतात. विरजलेल्या दह्या-ताकात ही शर्करा कमी असल्याने ते अनेकदा अधिक सोसते. आईविना सापडलेल्या पिल्लाला गाईचे दूध पाजणे हाही सोपा वाटणारा पण अपुरा उपाय आहे. कुतियेच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षा बरेच जास्त असतात.

स्वयंपाकघरातील कोणते पदार्थ घातक?

कांदा आणि लसूण. दोन्ही कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा गेला तर रक्तात दखल घेण्याजोगे बदल होऊ शकतात. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हा परिणाम जात नाही. म्हणजे कोंबडीचा उरलेला रस्सा भातावर ओतून देण्याची सवय नेमकी अडचणीची आहे. परिणाम काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे कारण लक्षात येत नाही.

द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. किती खाल्ल्यावर त्रास होईल हे प्रत्येक कुत्र्यागणिक बदलते, म्हणून एकही देऊ नये. प्रसादाचा शिरा, खीर, पुलाव यांत मनुका असतात हे लक्षात राहत नाही. चॉकलेटमधील थिओब्रोमिन आणि चहा-कॉफीतील कॅफिन कुत्र्याच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते. चॉकलेट जितके गडद, तितका धोका अधिक. ‘शुगर फ्री’ च्युइंगम आणि काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल असते. ते अगदी थोडे गेले तरी कुत्र्याच्या रक्तातील साखर वेगाने घसरते आणि यकृताला इजा होऊ शकते.

या भागाचा विचार करता मोहाचाही उल्लेख हवा. मोहफुले वेचून अंगणात वाळत घालण्याचा आणि त्यापासून दारू गाळण्याचा या पट्ट्यात जुना प्रघात आहे. आंबवलेल्या मोहाचा चोथा उघड्यावर टाकला तर कुत्री तो खातात. अल्कोहोल कुत्र्याला माणसापेक्षा फार कमी मात्रेत बाधते. झिंगलेला कुत्रा पाहून हसू येते, पण त्याच्यासाठी ती विषबाधा असते. आंबवलेल्या कच्च्या पिठाचेही तेच.

आणखी एक घातक ‘घरगुती’ सवय औषधांची. कुत्रा लंगडतो, गळून गेला म्हणून माणसाची वेदनाशामक गोळी खाऊत दडवून दिली जाते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना इजा होते. पॅरासिटामॉलची मात्रा चुकली तर यकृत आणि रक्तपेशींवर परिणाम होतो.

हाडे आणि कच्च्या मांसाचा धोका कोणता?

‘कुत्र्याला हाडच हवे’ हा समज सर्वांत पक्का आहे. प्रत्यक्षात शिजवलेले हाड ठिसूळ होते आणि चावताना त्याच्या अणकुचीदार फाकळ्या होतात. कोंबडीचे हाड त्यात अधिक धोक्याचे. घसा, अन्ननलिका किंवा आतड्याला इजा झाली तर शस्त्रक्रियेची वेळ येते, आणि ती सोय तालुक्याच्या ठिकाणीही सहज मिळत नाही.

मग कच्चे मांस द्यावे का? त्याचे उत्तर विदर्भाने नुकतेच पाहिले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्यात बर्ड फ्लूचा एच-५-एन-१ विषाणू असल्याचे निदान केले. मानव-वन्यजीव संघर्षामुळे हे वाघ चंद्रपूर जिल्ह्यातून तिथे नेण्यात आले होते. संसर्गाच्या संशयाची सुई कच्च्या कोंबडीच्या खाद्याकडेही वळली. त्याच जानेवारीत ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला. मांजरवर्गीय प्राणी या विषाणूला अधिक बळी पडत असले तरी कुत्र्यांनाही त्याची लागण होऊ शकते. मेलेली कोंबडी कुत्र्यापुढे टाकणे ही खेड्यातली सर्रास सवय या दृष्टीने घातक आहे. साल्मोनेलासारखे जीवाणू आणि फीतकृमी यांचा धोका वेगळाच. मांस द्यायचे तर उकडून, हाड काढून आणि बिनमसाल्याचे.

खाऊ किती? हिशेब कसा करायचा?

पशुवैद्यक साधारण एक नियम सांगतात. दिवसभराच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून अधिक खाऊतून जाऊ नयेत. हा हिशेब घरी करता येतो. कुत्र्याच्या किलोमधील वजनाचा ०.७५ हा घात काढून त्याला ७० ने गुणले की विश्रांतीतली गरज मिळते. निर्बीजीकरण झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणतात.

१५ किलोच्या गावठी कुत्र्याला दिवसाला सुमारे ८५० किलोकॅलरी लागतात. म्हणजे खाऊची मर्यादा ८५. एक उकडलेले अंडे किंवा चार ग्लुकोज बिस्किटांत ती संपते. ५ किलोच्या पॉमेरेनियनची दिवसाची गरज सुमारे ३७५ आणि खाऊची मर्यादा ३७ किलोकॅलरी, म्हणजे दोन बिस्किटे. अशा कुत्र्याला ‘एकच पोळी’ दिली तर त्याच्या दिवसाच्या गरजेचा सुमारे पाव हिस्सा त्यातच भरतो. घरातल्या चौघांनी चार वेळा थोडे थोडे दिले की लठ्ठपणा ठरलेला.

घरी करायचा सोपा खाऊ असा : १०० ग्रॅम ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी उकडून कुस्करलेला लाल भोपळा, म्हणजे विदर्भातले कोहळे, आणि एक अंडे. मीठ, साखर, गूळ, मसाला काहीही नाही. घट्ट मळून जाडसर लाटायचे, ४० लहान तुकडे करायचे आणि मंद आचेवर तव्यावर दोन्ही बाजूंनी कोरडे होईपर्यंत भाजायचे. एका तुकड्यात साधारण ११ किलोकॅलरी येतात. १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला सात, ५ किलोच्या कुत्र्याला तीन पुरे. हा खाऊ टिकाऊ नसतो. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, बुरशीचा वास आला की फेकून द्यायचा. गाजर, उकडलेले रताळे, काटे काढलेला उकडलेला मासा हेही चालते. खारवलेली सुकी मासळी, पापड आणि लोणचे नको.

‘उपाशी कुत्रा चांगली राखण करतो’ खरे का?

रानडुकरांपासून धान राखायला शेतकरी रात्री जागलीला जातो तेव्हा सोबत कुत्रा असतो. त्याला पोटभर दिले तर तो झोपेल, हा समज त्यातून आला. उपाशी कुत्रा राखण करत नाही, अन्न शोधत हिंडतो. तो उकिरड्यावर जातो, जंगलात शिरून चितळाच्या पाडसामागे लागतो किंवा वाघाने मारून ठेवलेल्या जनावराला तोंड लावतो. कुत्र्याकरवी वन्यप्राण्याची शिकार घडवणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते.

दुसरा समज त्याहून महागात पडतो : कुत्रा असला की बिबट्या येत नाही. कुत्रा भुंकून सावध करतो हे खरे. पण बिबट्यासाठी कुत्रा हे भक्ष्य आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा होता. एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, शेळ्यांपेक्षा कितीतरी जास्त. अकोले हा उसाचा पट्टा आहे. ताडोबात चितळ, सांबर, रानडुक्कर असल्याने तिथली टक्केवारी हीच असेल असे नाही. मात्र गावात सहज मिळणारा कुत्रा बिबट्याला वस्तीकडे ओढतो, हे सूत्र इथेही लागू पडते.

चंद्रपूर शहराला याचा अनुभव आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला आणि त्याच आठवड्यात लगतच्या दुर्गापुरात बिबट्याने एका किशोरवयीन मुलाला ठार केले. त्यानंतर चर्चेत आले ते वाढलेली झुडपे, उघडा कचरा आणि त्यावर पोसली जाणारी डुकरे व कुत्री. रात्री अंगणात ठेवलेले कुत्र्याचे ताट आणि साखळीला बांधलेला कुत्रा हे त्याच कचऱ्याचे छोटे रूप आहे. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, आणि त्याच अंगणात लहान मूलही असते.

कुत्र्याकडून वाघाला काय धोका?

कॅनाइन डिस्टेंपर हा गोवराच्या कुळातील विषाणू. माणसाला त्याने आजार होत नाही. कुत्र्यांत ताप, डोळ्या-नाकातून स्राव, जुलाब आणि नंतर झटके येतात. तो वाघ, सिंह, बिबट्यालाही होतो. १९९४ मध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीत सुमारे एक तृतीयांश, म्हणजे जवळपास हजार सिंह त्याने गेले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये गुजरातच्या गीरमधील दलखाणिया परिक्षेत्रात २३ सिंह दगावले. त्यांतील काहींत हाच विषाणू आढळला आणि उरलेल्या सिंहांसाठी अमेरिकेतून लस मागवावी लागली.

महाराष्ट्रातील आकडेही दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळढोक अभयारण्य परिसरात अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक आदी संशोधकांनी गावकुत्र्यांचे रक्त तपासले तेव्हा दहापैकी नऊ कुत्र्यांचा या विषाणूशी संबंध येऊन गेल्याचे दिसले. राजस्थानात रणथंबोरलगतच्या गावांतही मोठ्या संख्येने कुत्र्यांत असेच आढळले. वाघाने कुत्रा मारून खाल्ला किंवा कुत्र्याने वाघाची शिकार उष्टावली, की विषाणूला वाट मिळते.

इथे एक सावधगिरी हवी. सारा दोष कुत्र्यांचा, असे विज्ञान म्हणत नाही. सेरेंगेटीभोवतीच्या कुत्र्यांना लस दिल्यावर त्यांच्यातला संसर्ग घटला. वन्यप्राण्यांत मात्र विषाणू फिरतच राहिला. म्हणजे कुत्र्यांचे लसीकरण हा एकमेव उपाय नाही. पण माणसाच्या हातात असलेला सर्वांत सोपा उपाय तोच आहे.

याच ठिकाणी एक मोठा गैरसमज आडवा येतो : ‘आमच्या कुत्र्याला लस दिली आहे’. बहुतेक वेळा ती रेबीजची असते. तिने डिस्टेंपर टळत नाही. निर्बीजीकरणाच्या सरकारी नियमांतही भर रेबीजच्या लशीवर आहे. डिस्टेंपर आणि पार्व्होची संयुक्त लस वेगळी असते. ती पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून साडेतीन-चार महिन्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यावी लागते.

रानकुत्रा म्हणजे जंगलात गेलेला कुत्रा का?

नाही. ताडोबात दिसणारा रानकुत्रा, म्हणजेच कोळसून, हा वेगळ्या प्रजातीचाच नव्हे तर वेगळ्या कुळगटाचा प्राणी आहे. तांबूस अंग, झुपकेदार काळे शेपूट, कळपाने शिकार आणि भुंकण्याऐवजी शिट्टीसारखा आवाज ही त्याची ओळख. तो जागतिक पातळीवर धोक्यात आहे. गावकुत्र्यांनी शेळी मारली तरी ठपका अनेकदा ‘जंगली कुत्र्यांवर’ येतो. प्रत्यक्षात गावकुत्र्यांचे रोग कोळसुनांच्या आख्ख्या कळपाला गारद करू शकतात.

कुत्रा चावल्यावरचे गैरसमज कोणते?

जगातील रेबीज मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळपास अटळ असतो. तरी जखमेवर हळद, मिरची, चुना किंवा झाडपाला लावण्यात पहिले मोलाचे तास जातात. करायचे इतकेच : वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचे.

‘पोटात १४ इंजेक्शने’ ही भीती कालबाह्य आहे. आता दंडात लस दिली जाते. त्वचेखालच्या नव्हे तर त्वचेतील पद्धतीत पहिल्या, म्हणजे शून्याव्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मात्रा असतात. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. ‘पिल्लूच होते’, ‘नुसता ओरखडा आहे’, ‘कुत्रा पाणी पितो म्हणजे पिसाळलेला नाही’ या तिन्ही समजुती जिवावर बेतू शकतात. पाण्याची भीती हे माणसातील रेबीजचे लक्षण आहे. पिसाळलेला कुत्रा पाणी पिताना दिसू शकतो. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण लस त्यासाठी थांबवू नये.

शेपूट हलवणारा कुत्रा प्रेमळच असतो, हेही खरे नाही. ताठ शरीर, रोखलेली नजर आणि उंच धरून झपाझप हलणारे शेपूट हा इशारा असतो. जेवणाऱ्या कुत्र्याच्या ताटाशी मुलांना जाऊ देऊ नये.

कायदा आणि व्यवहार यांचा मेळ कसा?

१० मार्च २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याचे लसीकरण आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी आहे. भटक्या कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांची, म्हणजे गावात ग्रामपंचायतीची. खाऊ घालण्यासाठी लहान मुलांच्या वावरापासून दूर ठरावीक जागा आणि वेळ असावी, उष्टे तिथे पडून राहू नये, हेही त्यात आहे. हे नियम प्रामुख्याने शहर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. निर्बीजीकरण केंद्र, पकडणारे पथक, शस्त्रक्रिया करणारा पशुवैद्यक ही साखळी चंद्रपूर शहरात उभी करता येते. भामरागड किंवा एटापल्लीच्या अंतर्गत भागात ती उभी करणे तितके सोपे नाही. पकडलेला कुत्रा मूळ जागी सोडायचा, हा नियमही ती जागा बफरमधील असेल तर गुंतागुंतीचा होतो.

मोठी यंत्रणा येईपर्यंत घराघरांत करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. कुत्र्याला दिवसाउजेडी, घराजवळ, त्याच्याच भांड्यात जेवण द्यायचे आणि भांडे उचलून ठेवायचे. रात्री त्याला अंगणात न बांधता दार लागणाऱ्या गोठ्यात किंवा घरात घ्यायचे. मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचायला जाताना सोबत न्यायचे नाही, कारण अस्वलाला किंवा वाघाला छेडून तो पळत येतो तो मालकाकडेच. मेलेली कोंबडी आणि चिकनच्या दुकानातले अवशेष खोल खड्ड्यात पुरायचे. पर्यटकांनी गाडीतून बिस्किटे टाकायची नाहीत. आणि रेबीजसोबत डिस्टेंपरची लस द्यायची. गावकुत्र्यांची संख्या शेवटी गावात उघड्यावर मिळणाऱ्या अन्नाइतकीच राहते. ते अन्न आवरले तर निर्बीजीकरणाचा खर्च सत्कारणी लागतो. ते आवरले नाही, तर जितकी कुत्री कमी होतील तितकी नवी येतील आणि त्यांच्या मागावर बिबट्याही येत राहील.